अब्बांची कॉन्टेसा आणि तिची वही

कॉन्टेसा म्हणजे काय, हे आता मुलांना सांगावं लागतं. आमच्या लहानपणी सांगावं लागत नसे. नाशिकच्या रस्त्यांवर तेव्हा ॲम्बॅसेडर, फियाट आणि मारुती याच गाड्या जास्त. मधूनच एखादी लांबरुंद, बसक्या अंगाची कॉन्टेसा सारडा सर्कलवरून वळली की आत मंत्री किंवा कारखानदार असणार, अशी आमची खात्री असे. हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी १९८४ मध्ये बाजारात आणली. तिचं अंग विलायती होतं. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या व्हिक्टर गाडीवरून ते घेतलेलं. इंजिन मात्र ॲम्बॅसेडरचंच, १४८९ सीसीचं, साधारण ५० अश्वशक्तीचं. एवढ्या मोठ्या गाडीला ते कुठून पुरणार? अब्बा म्हणत, "पैलवानाच्या छातीत पोराचा दम."

पुढे कंपनीलाही हे उमगलं आणि तिने जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलेली कॉन्टेसा क्लासिक काढली. पण आमची गाडी त्याआधीची, १९८७ ची. सातपूरच्या एका अधिकाऱ्यांनी ती वापरली, कसाऱ्याच्या घाटात दोनदा उकळवली, आणि १९९३ मध्ये ब्लॉकला तडा गेलेल्या अवस्थेत अब्बांच्या वडाळा नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये आणून सोडली. दुरुस्तीचा खर्च ऐकून ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीच ठेवून घ्या, जे द्यायचं ते द्या." अब्बांनी भाव पाडला नाही. भंगाराच्या दरापेक्षा जास्त दिले, आणि किती दिले ते वहीत लिहिलं.

या वहीबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही तिघं भावंडं: थोरला भाऊ, मधली बहीण आणि धाकटा भाऊ. अब्बांना मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येई, पण लिहिताना हात अडखळे. शिवाय हात कायम ग्रीसने भरलेले. म्हणून रात्री जेवणं झाली की ते सांगत आणि आमची मधली लिही. ती तेव्हा सहावीत होती. पुठ्ठ्याची लाल वही, वर 'कॉन्टेसा' असं शाईने रंगवलेलं. कोणता बोल्ट कुठून आणला, कोणत्या लेथवाल्याने काय कातलं, किती घेतले, सगळं त्यात आहे. मध्येच "अब्बा झोपले, उरलेलं उद्या" असंही आहे.

वहीप्रमाणे इंजिन आलं फेब्रुवारी १९९४ मध्ये, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून. टोयोटाचं टू-सी डिझेल, चार सिलिंडर, १९७४ सीसी, पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट. त्या काळात 'जपानी इंजिन' हा शब्द गॅरेजमध्ये सोन्यासारखा बोलला जाई. जपानमध्ये मोटारीची 'शाकेन' नावाची कडक तपासणी दर दोन वर्षांनी होते. गाडी जुनी होत जाते तसा तो खर्च परवडेनासा होतो आणि लोक धडधाकट गाडी मोडीत काढतात. त्या गाड्यांची इंजिनं जहाजात बसून जगभर जात. इकडे डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. मग पंजाबपासून केरळपर्यंत किती ॲम्बॅसेडर आणि कॉन्टेसांनी ही जपानी काळीजं लावून घेतली!

पण इंजिन आणलं आणि ठेवलं, असं ते काम नसतं. पाया वेगळा, म्हणून इंजिन फाउंडेशन नवीन बनवावं लागलं. मोजमाप पुठ्ठ्यावर काढून, पत्रा कापून, वेल्डिंग करून. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा जोडून बॅलन्स करावा लागला. तो बॅलन्स झाला नाही तर साठच्या वेगाला सगळी गाडी थरथरते. डिझेल इंजिनाचं वजन जास्त, म्हणून पुढच्या स्प्रिंगांना पातळ पॅकिंग. ब्रेकची गोष्ट तर आम्हाला फार उशिरा कळली. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी तयार होते, तिच्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात तशी पोकळी होत नाही. म्हणून जपान्यांनी अल्टरनेटरच्याच पाठीला छोटा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनचं ऑइल एका नळीने पोचतं. अब्बांनी लिहवून घेतलं होतं: "ही नळी फुटली तर ऑइलही जाईल आणि ब्रेकही जड होईल. दर दोन वर्षांनी बदलणे. न विसरणे." 'न विसरणे'खाली दोन रेघा आहेत.

शेवटी कागद. गाडी पेट्रोलची होती, आता डिझेलची झाली, इंजिन नंबर बदलला. पुष्कळांनी तेव्हा हे असंच दडवून ठेवलं. बॉनेट कोण उघडून बघतो? अब्बा मात्र खरेदीची पावती घेऊन आरटीओत गेले, रीतसर परवानगी घेतली आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर आणि 'डिझेल' हा शब्द नोंदवून आणला. चार चकरा झाल्या. त्या चकरांचं बसभाडंही वहीत आहे. त्याच पानावर एक गंमत आहे. ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून, त्यावर शाळेची पेन्सिल घासून घेतलेली छाप आमच्या मधलीने तिथे चिकटवली आहे. खाली तिने लिहिलं आहे, "हा माझ्या पेन्सिलीचा फोटो."

त्यानंतर पंचवीस वर्षं ही गाडी घरची होती असं म्हणणं पूर्ण खरं नाही. ती मोहल्ल्याची होती. भद्रकालीतल्या कितीतरी बाळंतिणी तीतून घरी आल्या. दरवर्षी कोणी ना कोणी हाजी मुंबईला सोडायचे असत. मागे तिघं, पुढे एक, डिकीत सामान आणि टपावर उरलेलं. फजरच्या नमाजनंतर गाडी निघे आणि कसाऱ्याच्या घाटाआधी अब्बा थांबून बॉनेटला हात लावून बघत. टू-सीचा ब्लॉक लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. एकदा गरम होऊन हेड वाकलं की संपलं. भाडं त्यांनी कोणाकडून मागितलं नाही. कोणी डिझेल भरलं तर नाहीही म्हटलं नाही.

२०१९ मध्ये त्यांना नीट दिसेनासं झालं आणि त्यांनी स्वतः किल्ली अम्मींच्या हातात दिली. गाडी गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये अब्बा गेले.

जानेवारीत, अम्मींची इद्दत चालू असताना, आम्ही घरातच हिशेबाला बसलो. आधी देणी फेडली. मग उरलेल्या मालमत्तेची यादी. घर, गॅरेजचं सामान, थोडी रोकड. तेवढ्यात एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी, चांगल्या मनाने, सुचवलं, "गाडी काय यादीत धरायची? भंगार ती. पोरं बघतील." आम्ही गाडी यादीत धरली. हा मुद्दा इथे मुद्दाम लिहितो आहोत. घरात लेकीचा हिस्सा बुडतो तो नेहमी जमिनीतच बुडतो असं नाही. तो 'भंगार', 'जुनी भांडी', 'पोरं बघतील' अशा शब्दांतही बुडतो.

दोन गॅरेजवाल्यांकडून किंमत काढली. एकाने ७०,००० सांगितली, दुसऱ्याने ९०,०००. आम्ही ८०,००० धरली. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे अम्मींचे १०,०००. उरलेल्या ७०,००० चे पाच भाग: दोन मुलांना दोन-दोन, मुलीला एक. म्हणजे भावांचे २८,००० प्रत्येकी आणि बहिणीचे १४,०००. रक्कम काही फार नव्हे. पण कागदावर उतरली तेव्हा सगळ्यांचे आवाज जरा खाली आले.

याच सुमारास मुंबईहून एक गृहस्थ गाडी बघायला आले. जुन्या गाड्या लग्नाला आणि शूटिंगला भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. ताडपत्री काढल्यावर त्यांचे डोळे चमकले आणि बॉनेट उघडल्यावर विझले. मग म्हणाले, "दीड लाख देतो. हे इंजिन काढून मी जुनं पेट्रोलचं टाकतो, आरसीचं मी बघून घेतो. तुम्ही फक्त पहिल्यापासूनचं ओरिजिनल इंजिन आहे, असं लिहून द्या. म्हणजे पुढे विकताना मला भाव येईल." दीड लाख! ८०,००० च्या गाडीचे जवळजवळ दुप्पट. धाकटा तेव्हा चाकणला नोकरीला होता आणि त्याच्यावर घराचं कर्ज होतं. तो काही वेळ काहीच बोलला नाही. थोरल्याने त्यांना चहा दिला आणि गाडी विकायची नाही असं सांगितलं. अब्बा गिऱ्हाइकाला नेहमी एक हदीस ऐकवत. पैगंबर (स.) बाजारात गेले, धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला विचारलं की ही ओल वर का नाही ठेवलीस, लोकांना दिसली असती. ही हदीस सांगूनच अब्बा जुन्या गाडीचा गळका गिअरबॉक्स गिऱ्हाइकाला दाखवत. त्यांच्याच गाडीवर 'ओरिजिनल' असं लिहून द्यायचं म्हणजे काय झालं असतं?

आणि ओरिजिनल तरी कशाला म्हणायचं? जुन्या मोटारींचे शौकीन म्हणतात, कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी, एक स्क्रूही बदललेला नको. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. आमची गाडी पहिल्या इंजिनावर सात वर्षं जगली आणि दुसऱ्यावर अठ्ठावीस. तिचं खरं आयुष्य कोणतं, हे आम्हाला ठरवावं लागलं नाही.

तर मग घ्यायची कोणी? मधली म्हणाली, "मी घेते." ती शाळेत शिकवते, राहते नाशिकमध्येच, आणि गाडी चालवायला तिला अब्बांनीच गंगापूर रोडवर शिकवलं होतं. भाऊ म्हणाले, आमचे हिस्से आम्ही तुला बक्षीस देतो. तिने ते मानलं नाही. "आधी हिशेब. बक्षीस द्यायचं असेल तर नंतर दुसरं काहीतरी द्या." अम्मींनी आपले १०,००० तिला देऊन टाकले, त्यावर मात्र ती काही बोलली नाही. भावांचे ५६,००० तिने वर्षभरात हप्त्यांनी फेडले. प्रत्येक हप्ता त्याच लाल वहीत, आता मोठ्या माणसाच्या अक्षरात.

वाचकांपैकी कोणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो: गाडीमालक वारला तर वारसांनी ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. दुःखात हे सुचत नाही. पण मयताच्या नावावर गाडी फिरवत राहणं आणि काही झालं तर विम्याच्या दारात उभं राहणं फार महाग पडतं. विम्याच्या कागदावरही इंजिनातला बदल लिहिलेला हवा.

आमच्यापुढे आणखी एक घड्याळ टिकटिक करत होतं. १९८७ च्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ती ऑगस्ट २०२२ मध्ये संपत होती. एप्रिलपासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं होतं, पर्यावरण कर निराळा. पण खरा प्रश्न पैशाचा नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २००० साली ते बदललं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. आज कोणी असं इंजिन बसवायला निघालं तर ते जमणार नाही. म्हणजे आमचं सगळं १९९४ च्या त्या नोंदीवर उभं होतं. आणि नोंदीतला नंबर इंजिनावर दिसायला हवा होता.

तो दिसत नव्हता. तीन पावसाळ्यांत ब्लॉकवर गंजाचा थर चढला होता. थोरला ग्राइंडर घेऊन पुढे झाला तेव्हा मधलीने त्याचा हात धरला. ग्राइंडरने गंज निघतो तसे आकडेही निघतात, आणि घासलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीची खूण. मग केरोसीन, पितळी ब्रश आणि जुना टूथब्रश. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आकडे एकेक करून वर आले.

बाकीचं काम उन्हाळाभर चाललं. सुट्टीत धाकटाही आला. टायमिंग बेल्ट शेवटचा २०१४ मध्ये बदललेला. हा रबरी पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन आतून मोडतं, म्हणून तो बदलल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही असं ठरलं. इथे मिळेना. शेवटी आखातात नोकरी करणाऱ्या आमच्या एका मामेभावाने खजुराच्या डब्याबरोबर बॅगेत दोन बेल्ट आणले. हेड खोलून दाबाखाली तपासलं. व्हॉल्व्हच्या मधे केसासारखी रेघ होती, पण पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेली नव्हती. गॅसकेट बदललं, हेड पुन्हा बसवलं. आणि ती 'न विसरणे'ची ऑइल नळी हातात घेतली तर बिस्किटासारखी तुटली.

डिझेल पंपाची मात्र मजा झाली. हा फिरता पंप जपानच्या निप्पॉन डेन्सोचा, पण मूळ रचना जर्मनीच्या बॉशची, तिच्या परवान्याने बनवलेला. आणि बॉशचं भारतातलं जुनं नाव मायको, जिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेलची नोजलं बनतात. त्यामुळे नाशिकमध्ये हा पंप खोलायला भिणारा माणूस विरळा. अब्बांच्या ओळखीचे एक निवृत्त कामगार आहेत, घराच्या ओट्यावरच कॅलिब्रेशनचं यंत्र मांडून बसतात. त्यांनी पंप उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "घरचाच आहे की, फक्त परदेशी शिकून आलाय." सील बदलले, नोजलं तपासली, मजुरी निम्मीच घेतली. का, ते विचारलं तर म्हणाले, "माझी हाज कोणाच्या गाडीतून सुरू झाली होती?"

पत्र्याचं काम सगळ्यांत जास्त खाणारं. दाराखालच्या पट्ट्या आतून सडलेल्या. डेंटर म्हणाला, लांबी भरून रंग मारतो, दोन वर्षं कळणार नाही. सडका पत्रा कापून नवा जोडायचा तर तिप्पट. मधलीने तिप्पट दिले. रंग मूळचाच, दुधाळ पांढरा. सगळा खर्च मिळून १,१८,००० झाला, थोरल्याची मजुरी न धरता. म्हणजे त्या मुंबईच्या गृहस्थांच्या दीड लाखाकडे बघता व्यवहार तोट्यातच गेला. अम्मी अजूनही अधूनमधून हे बोलून दाखवतात, आणि मग पुढच्या शुक्रवारी मालेगावला माहेरी जायला त्याच गाडीत मागे डावीकडे जाऊन बसतात.

ऑगस्टमध्ये पेठ रोडवर तपासणी झाली. निरीक्षक तरुण होते. कॉन्टेसा त्यांनी फोटोतच पाहिलेली असावी. बॉनेट उघडून टॉर्च मारला, आरसीवरचा नंबर वाचला, ब्लॉकवरचा वाचला, पुन्हा आरसी बघितली. "पेट्रोलच्या मॉडेलमध्ये टोयोटा डिझेल? ही नोंद केव्हाची?" मधलीने १९९४ ची पावती पुढे केली आणि वहीचं ते पान उघडलं. त्यांनी पेन्सिलची छाप ब्लॉकशेजारी धरली. शेवटचा आकडा तीन आहे की आठ, यावर ते थोडे थांबले, बोटाने चाचपून बघितलं, आणि तीनच आहे म्हणाले. मग छापेखालची ओळ वाचून त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"मी. सहावीत असताना."

त्यांनी धूर बघितला, ब्रेक बघितले, दिवे बघितले, आणि मागचा डावा इंडिकेटर चालत नाही म्हणून परत पाठवलं. तो बल्ब त्याच दिवशी दुपारी द्वारकेवर ४० रुपयांना मिळाला. दुसऱ्या दिवशी पाच वर्षांचा शिक्का बसला.

आता गाडी आठवड्यातून दोनदा निघते. पहाटेच्या गारठ्यात हीटर प्लग तापायला थोडं थांबावं लागतं, आणि पुढच्या काचेचं रबर जोराच्या पावसात अजून गळतं. त्या मापाचं रबर आम्ही शोधतो आहोत. वहीची पानं संपत आल्यामुळे मधलीने मागे नवे कागद शिवून घेतले आहेत. पहिल्या कागदावर बेल्टची तारीख आहे, आणि त्याखाली तिच्या मुलाच्या अक्षरात, ऑइलच्या नळीची.